विंचू, कोलारची चेळम्मा आणि पोटातलं बाळ

बेंगळुरूहून बोलतोय.

बेंगळुरूतून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेला निघालं की साधारण सत्तर किलोमीटरवर कोलार लागतं. मराठी माणसाला या गावाची ओळख सोन्याच्या खाणींमुळे असते. इतिहासाची आवड असेल तर आणखी एका कारणाने. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, त्याच जहागिरीत कोलारही होतं. शिवरायांचे थोरले बंधू संभाजीराजे यांचं नाव या भागाच्या कारभाराशी जोडलेलं आहे. पण आज शहाजीराजांचा विषय नाही, त्यावर आपण आधी बोललो आहोत.

कोलारमध्ये कोलारम्माचं देऊळ आहे. गावाचं नावच तिच्याशी जोडतात. देवळात चोळ काळातले, म्हणजे अकराव्या शतकातले शिलालेख आहेत. याच आवारात आणखी एक देवी आहे, चेळम्मा. कन्नडमध्ये चेळु म्हणजे विंचू. ही विंचवाची देवी. तिला नमस्कार केला की विंचू चावत नाही, चावला तरी चढत नाही, अशी श्रद्धा. तिच्यापुढे जमिनीतच एक हुंडी आहे, वरून नाणं टाकायचं, खाली पडल्याचा आवाज ऐकायचा.

मागे आम्ही इथली काही मराठी मंडळी मिळून कोलारला गेलो होतो. आमच्यात एक सोलापूरकडच्या आजी होत्या, मुलाकडे राहायला आलेल्या. त्यांची सून सहा महिन्यांची गरोदर. चेळम्मापुढे नाणं टाकल्यावर सून सहज म्हणाली, "आई, गावाकडे बाळंतपणाला गेले आणि खरंच विंचू चावला तर काय करायचं हो?" आजी हसल्या. म्हणाल्या, "अगं, भ्यायचं कशाला? तुझ्या सासऱ्यांच्या वेळी त्यांच्या आईला पोटुशी असताना विंचू चावला होता. म्हणून तर ह्यांना जन्मभर कधी विंचू चढला नाही. पोटातल्या लेकराला ते औषधच होतं."

गाडीत बसल्यावर आणखी दोघांनी हीच गोष्ट आपापल्या घरची म्हणून सांगितली. एक जण मराठवाड्यातले, दुसरे बेळगावकडचे. आई गरोदर असताना तिला विंचू चावला की मुलाला विंचवाचं विष लागत नाही. तुमच्यापैकीही अनेकांनी हे ऐकलं असेल. मला वाटलं, हा एक भाग होऊ शकतो. कारण या समजुतीच्या एका टोकाला निरुपद्रवी घरगुती गोष्ट आहे आणि दुसऱ्या टोकाला एक बाई आहे, जिच्या हातात मोजके तास असतात.

आधी विंचवाविषयी. आपल्या भाषेत या प्राण्याने भरपूर जागा अडवली आहे. एकनाथांचं विंचवावरचं भारूड गावोगाव नाचून म्हटलं जातं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे आपण बदलीच्या नोकरीवाल्यांना म्हणतो, आणि ते अगदी निरखून केलेलं आहे. विंचवीण अंडी घालत नाही, ती जिवंत पिल्लांना जन्म देते. पिल्लं आईच्या पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. जुन्या लोकांत असंही म्हणतात की विंचवाची पिल्लं आईला खाऊनच बाहेर पडतात. ते खरं नाही. पण गंमत बघा, विंचू म्हटलं की आपल्याकडे आई, पोट आणि पिल्लं हे विषय आपोआप येतात. गरोदर बाईची सावली पडली की साप आंधळा होतो, ही समजूतही त्याच घरातली. गरोदर बाईच्या अंगात काहीतरी वेगळं बळ असतं, विषारी जनावर तिच्यापुढे हतबल होतं, असा त्यामागचा भाव. ज्या काळात बाळंतपण हीच जिवावरची गोष्ट होती, त्या काळात असा धीर लागत असणार.

आता विष. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे तीस प्रकार सांगितले आहेत आणि त्यांचे तीन गट केले आहेत: मंदविष बारा, मध्यविष तीन, महाविष पंधरा. शेणात, कुजक्या लाकडात किंवा सापाच्या मढ्यातून ते निर्माण होतात, हे सुश्रुताचं स्पष्टीकरण आज कुणी मान्य करणार नाही. पण सगळे विंचू सारखे नसतात हे त्याने ओळखलं होतं, आणि आजच्या आपल्या विषयाची किल्ली तिथेच आहे.

आपल्याकडे ढोबळमानाने दोन विंचू लक्षात ठेवावेत. एक मोठा काळा, ज्याला आपण इंगळी म्हणतो. जाडजूड आकडे, हातभर भीती. याचा डंख फार दुखतो, पण जीव सहसा जात नाही. दुसरा लाल विंचू. दोन-तीन इंचांचा, तांबूस-पिवळट, आकडे बारीक आणि शेपटी त्या मानाने जाड. दिसायला किरकोळ. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू, गुजरात, सगळीकडे तो सापडतो, आणि जगातल्या सर्वांत घातक विंचवांमध्ये त्याची गणना होते. आकडे जाड तर विष कमी, शेपटी जाड तर विष जास्त, असा साधारण हिशेब. त्यातही लाल विंचवाच्या प्रत्येक डंखात पुरेसं विष जातंच असं नाही. अनेकांना फक्त वेदना होतात आणि एक दिवसात थांबतात.

विंचू उतरवणाऱ्याचं दुकान याच हिशेबावर चालत आलं. दहातल्या बहुतेकांना मंत्र घातला, चिंचोका उगाळून चिकटवला, आघाड्याचं मूळ लावलं, काहीही केलं किंवा काहीच केलं नाही तरी ते बरे होणारच होते. उरलेला एखादा गेला तर त्याची वेळ आली होती.

१९३० च्या सुमारास मुंबईच्या हाफकिन संस्थेत डॉ. म्हसकर आणि कायस या दोघांनी या विषयात हात घातला. सापाच्या विषावर सांगितल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती त्यांनी प्रयोगशाळेत तपासल्या आणि उपयोगाची एकही सापडली नाही असं सरळ लिहिलं. १९३२ मध्ये त्यांचा भारतीय विंचवांवरचा प्रबंध आला. पुढे १९६१ मध्ये मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरतं हे नोंदवलं. म्हणजे माणूस कशाने मरतो याचा अंदाज येऊ लागला होता. पण त्यावर करायचं काय, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

इथे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर येतात. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, शेतकरी घरातले. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू भरपूर. जांभ्या दगडाची घरं, अंगणात लाकडं, पेंढा, गोवऱ्या. रात्री-अपरात्री बैलगाडीतून, डोलीतून पेशंट यायचे. धडधाकट माणूस किंवा खेळतं मूल घामाने निथळत यायचं, ओकायचं, हातपाय बर्फासारखे पडायचे, मग धाप, तोंडाला गुलाबी फेस, आणि संपलं. तेव्हा दिली जाणारी औषधं म्हणजे अँट्रोपिन, स्टिरॉइड, अँटीहिस्टॅमिन, झोपेच्या औषधांचं मिश्रण. त्यांतलं काहीच मूळ दुखण्याला हात घालत नव्हतं, काही तर उलट घात करत होतं.

बावस्करांनी केलेली पहिली गोष्ट साधी होती. ते पेशंटच्या खाटेशी बसले. दर काही मिनिटांनी नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची उष्णता लिहून ठेवत गेले. त्यातून एक क्रम दिसला. ओकारी, भरपूर घाम, थंड हातपाय, पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाला ताठरता, ही लक्षणं आधी येतात आणि हृदयाचं संकट मागून येतं. म्हणजे थोडा वेळ मिळतो. हे निरीक्षण १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरचं. आज इथल्या मोठमोठ्या संस्थांत लॅन्सेटमध्ये नाव यावं म्हणून काय काय चालतं हे पाहतो तेव्हा मला बिरवाडीची ती वही आठवते.

मग त्यांनी पुण्याला एमडी केलं आणि पुन्हा कोकणात आले. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे उघडे धरून ठेवतं. त्यामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलत थकतं आणि फुप्फुसांत पाणी उतरतं. म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइडचं सलाईन वापरलं. जीव वाचले, पण त्या सलाईनवर क्षणोक्षणी नजर ठेवावी लागते, खेड्यात ते कोण करणार? त्यातून प्राझोसिनची गोळी पुढे आली. १९७० च्या दशकात रक्तदाबासाठी बाजारात आलेली, स्वस्त, तोंडाने घ्यायची. अ‍ॅड्रिनलिन ज्या कुलपात किल्ली फिरवतं तेच कुलूप ती बंद करते. १९८६ मध्ये हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी हे लॅन्सेटमध्ये मांडलं. त्यांच्या नोंदींप्रमाणे पूर्वी गंभीर पेशंटपैकी जवळपास तीस टक्के दगावत, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

पुढे विंचवाचं प्रतिविषही आलं. २०११ च्या सुरुवातीला बावस्कर दांपत्याने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सत्तर पेशंटची तुलना छापली. निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ८, दुसऱ्यात ३५ पैकी ३२. २०२२ मध्ये हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या पेशंटच्या जागी सहा महिन्यांची गरोदर बाई असेल तर?

गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं. हृदय आधीच जादा काम करत असतं. अशा हृदयावर विंचवाचं वादळ आलं तर फुप्फुसांत पाणी उतरायला कमी निमित्त पुरतं. दुसरं, गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही त्याच अ‍ॅड्रिनलिनने आवळतात. वारेकडे जाणारं रक्त कमी झालं की बाळाचा प्राणवायू कमी होतो. आईला वाटतं फक्त घाम येतोय, पोटात बाळाची घुसमट सुरू झालेली असू शकते. तिसरं, गर्भाशय हा स्नायूच. इतर देशांतल्या विंचवांचं विष घेऊन मादी उंदरांच्या गर्भाशयावर प्रयोग झाले, आणि विषाने गर्भाशय आकुंचन पावतं हे दिसलं.

यात आपल्या लाल विंचवाचा एक वेगळाच धागा आहे, मला तो वाचताना फार नवल वाटलं. १९९० मध्ये याच विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन नावाचं एक रसायन वेगळं काढण्यात आलं. ३७ अमिनो आम्लांची छोटी साखळी. पेशींच्या भिंतीत पोटॅशियम बाहेर सोडणारे एक प्रकारचे मोठे दरवाजे असतात, ते दरवाजे तेवढेच नेमके बंद करायचं काम हे करतं. आणि हेच दरवाजे गरोदरपणात गर्भाशयाचा स्नायू शांत ठेवायला हातभार लावतात. म्हणून प्रसूतीच्या कळा कशा सुरू होतात हे शोधणारे जगभरचे शास्त्रज्ञ आयबेरिओटॉक्सिन वापरतात. कोकणात आणि कोलारात दगडाखाली बसणाऱ्या विंचवाच्या नांगीतलं द्रव्य परदेशी प्रयोगशाळेतल्या बाटलीत, गर्भाशयाच्या अभ्यासासाठी! अर्थात, प्रयोगशाळेत स्नायूच्या तुकड्यावर शुद्ध रसायन टाकणं वेगळं आणि पायाला डंख होणं वेगळं. डंखाबरोबर गर्भाशयापर्यंत किती पोहोचेल हे डंखावर अवलंबून. पण विंचू चावलेल्या गरोदर बाईच्या पोटात कळ आली तर ती भीतीने आली असं म्हणून सोडून देऊ नये, एवढं यातून नक्की कळतं.

माणसांतल्या नोंदी मात्र थोड्या आहेत. ट्युनिशिया, तुर्कस्तान, अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना अशा विंचवांच्या प्रदेशांतून गरोदर पेशंटच्या नोंदी छापल्या गेल्या आहेत. नव्या औषधांच्या चाचण्यांतून गरोदर बायकांना बहुधा वगळतात, त्यामुळे असंच होतं. पण या नोंदींतून निघणारी गोष्ट दिलासा देणारी आहे. बहुतेक बायकांना वेदना, मुंग्या, अस्वस्थता एवढंच झालं आणि पुढे बाळंतपण नीट झालं. ज्यांना गंभीर विषबाधा झाली त्यांच्यात आईला वेळेवर सावरणं हाच बाळाला वाचवण्याचा मार्ग ठरला.

एक फसगतही होऊ शकते. पुरुषात जे लक्षण बघून डॉक्टर चटकन सावध होतो ते बाईत नसतंच. उरतात ओकारी, घाम, वाढलेला रक्तदाब, धाप. गरोदर बाईत यातलं प्रत्येक लक्षण गरोदरपणाच्या खात्यावर टाकता येतं. ओकारी तर होतेच, रक्तदाब तर वाढतोच. अंधारात पायाला काहीतरी चावलं हे तिने सांगितलं नाही तर निदान भलतीकडेच जाईल.

आता आजींची समजूत. मुलाला जन्मभराचं संरक्षण मिळतं का?

यात एक कण खरा आहे. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत. धनुर्वाताची लस गरोदर बाईला देतात ती याच कारणासाठी. पण एका डंखात जाणारं विष इतकं थोडं असतं की त्याने आईच्याच अंगात कामाची प्रतिपिंडं तयार होणं कठीण. प्रतिविष करताना घोड्यांना महिनोन् महिने, वाढत्या मात्रेने, पुन्हा पुन्हा विष टोचावं लागतं, तेव्हा कुठे त्यांच्या रक्तात ताकद येते. आणि आईकडून आलेली प्रतिपिंडं टिकतात किती? दर तीन आठवड्यांनी साधारण निम्मी होतात. वर्षाच्या आत ती गेलेली असतात. मूल रांगत रांगत विंचवापर्यंत पोहोचण्याच्या सुमाराला शिल्लक शून्य.

मग आजींच्या यजमानांना विंचू का चढला नाही? परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, "आजी, त्यांना चावला तो विंचू कसा होता?"

"काळा की. हा एवढा मोठा." त्यांनी हात पसरून दाखवला.

मी म्हटलं, "आणि तुमच्या सासूबाईंना चावला तो?"

"तोही तसलाच असणार. आमच्याकडे तेच होते." मग त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या शेजारची मात्र गेली होती. बारीक तांबडा होता. तिला सातवा होता." सून त्यांच्याकडे बघत राहिली. ही गोष्ट त्यांनी तिला आधी कधीच सांगितली नव्हती. विंचू न चढलेल्या नवऱ्याची गोष्ट घरात पन्नास वर्षं सांगितली जाते, शेजारणीची नाही. समजुती अशाच टिकतात, जे वाचले त्यांच्या तोंडून.

शेवटी ज्यांच्या घरी कुणी गरोदर आहे आणि बाळंतपणाला गावी जायचं आहे, त्यांच्यासाठी. चावलेल्या जागी चिरा देऊ नका, वर करकचून बांधू नका, उतरवणाऱ्याची वाट बघत बसू नका. बाईला डाव्या कुशीवर निजवून गाडीत घाला. घाम, ओकारी, थंड हातपाय, धाप, पोटात कळ किंवा बाळाची हालचाल कमी, यातलं काहीही असेल तर घाई करा. काही नसलं तरी गरोदर बाईला काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवलेलं बरं. दवाखान्यात शिरताच दोन गोष्टी सांगा, विंचू चावलाय आणि कितवा महिना आहे. विंचू मारलेला असेल तर डबीत घालून न्या किंवा मोबाईलवर फोटो काढा, शोधत मात्र बसू नका. प्राझोसिन परदेशात गरोदरपणातल्या रक्तदाबासाठीही वापरलेलं औषध आहे, पण ते घरी स्वतःहून द्यायचं नाही. त्याने रक्तदाब एकदम उतरून पेशंट उभी राहताच भोवळ येऊन पडू शकते, म्हणून ते निजवून आणि रक्तदाब मोजत देतात. आणि निघण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात विंचवाचं प्रतिविष आहे का हे एक फोन करून विचारून ठेवा.

आजींच्या सुनेने तो फोन कोलारहून परतल्यावर त्याच संध्याकाळी केला. बाळंतपण मार्चमध्ये सोलापूरलाच झालं, मुलगी आहे.

पुढच्या भागात यादगीर जिल्ह्यातल्या कंदकूरला जाऊ. तिथे नागपंचमीला लोक टेकडीवर जाऊन विंचू हातावर, चेहऱ्यावर खेळवतात, आणि ते कोणते विंचू असतात हे आता तुम्ही ओळखलंच असेल.